तांब्याची गोळी, एकशे सत्तर पावलं

शुक्रवार: टिलबर्गहून पूर्वेकडे

अविनाशकाकांच्या गाडीची डिकी उघडली तेव्हा माझी सॅक ठेवायला जागाच नव्हती. एका बाजूला रायफलची लांब कुलूपबंद पेटी, दुसऱ्या टोकाला वेगळ्या कुलपात काडतुसांची छोटी पेटी, रबरी बुटांचे तीन जोड, एक मोठं घमेलं आणि टॉवेलात गुंडाळलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी.

"सॅक मांडीवर घे," काका म्हणाले. "मसाला सांडला तर मार्लीस मला जंगलातच सोडून येईल."

मार्लीसकाकू पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाल्या, "जेवलीस का?" मराठीतलं हे एक वाक्य त्यांना पक्कं येतं आणि त्या ते दिवसाच्या कुठल्याही वेळी वापरतात.

काका बाबांचे होस्टेलमधले मित्र. मूळचे कोल्हापूरचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी टिलबर्गला नोकरीसाठी आले, मार्लीसकाकूंशी लग्न केलं आणि सासऱ्यांच्या मागेमागे फिरून शिकारीची परीक्षा दिली. ही परीक्षा म्हणजे नुसता नेम नाही. प्राणी, पक्षी, झाडं, कायदा, कुत्रे, सगळं येतं त्यात. सासरे गेल्यावर त्यांची जुनी रायफल आणि जर्मन सीमेलगतच्या शेतांमधली शिकारीची जबाबदारी काकांकडे आली. जबाबदारी हा शब्द त्यांचा. तिथे हरणं मोजली जातात, किती माद्या कमी करायच्या ते ठरतं, आणि हिवाळा संपायच्या आत तेवढ्या कमी कराव्या लागतात. नाहीतर ती गाड्यांखाली येतात, कोवळी झाडं सोलतात. आपल्याकडे ज्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात जातो, ती इथे गृहपाठासारखी नेमून दिलेली असते. पुण्यातल्या नातेवाइकांना काका सांगतात की सुट्टीच्या दिवशी मी बागकाम करतो.

मी या गाडीत का होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी आइंडहोवनला धातूंच्या प्रयोगशाळेत काम करते. यंत्रांचे भाग का तडकले, का झिजले, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि तक्ता करून पाठवायचा. बोलावं कमी लागतं म्हणून मला ते काम आवडतं. काकांच्या शिकारीच्या भागातल्या अर्ध्या जमिनीच्या मालकांनी यंदापासून शिशाच्या गोळ्या बंद केल्या. शिसं मऊ असतं, हरणात शिरताच फुटतं, त्याचे बारीक कण मांसात राहतात आणि मागे टाकलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. म्हणून आता तांब्याची गोळी. तांबं फुटत नाही. त्याच्या टोकाला पोकळी असते. वेगात आदळल्यावर ती पोकळी फाकते आणि गोळी फुलासारखी पाकळ्या काढून उघडते. उघडली की जखम रुंद होते आणि हरीण लगेच मरतं.

काकांनी तीन प्रकारच्या गोळ्या आणल्या, नेमबाजीच्या क्लबात चाचणीच्या दिवशी पाण्याच्या कॅनमध्ये झाडल्या, आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत नंबर घालून माझ्याकडे दिल्या. "तू धातूवाली ना? सांग, यातली कुठली घेऊ."

मी शनिवार-रविवार खर्चून त्या धुतल्या, वजन केलं, फोटो काढले. पहिली हलकी होती. भरपूर फाकली होती, पण एक पाकळी तुटलेली, बाकीच्या वेड्यावाकड्या. दुसरी ठीक. तिसरी सगळ्यांत जड, आणि तिच्याकडे मी बराच वेळ बघत बसले होते. चार पाकळ्या, चारही सारख्या, वजन जवळजवळ तेवढंच. मी तिसरीची शिफारस केली.

तक्त्याच्या खाली मी एक वाक्य लिहिलं होतं. सगळ्या गोळ्या पन्नास मीटरवरून झाडल्या आहेत. लांबवर वेग कमी झाल्यावर जड गोळी इतकी उघडेल की नाही, हे यातून कळत नाही. क्लबची ती रेंजच पन्नास मीटरची होती. वाक्य वाचलं आणि मला लाज वाटली. वीस वर्षं शिकार करणाऱ्या माणसाला मी काय अंतर शिकवणार? वाक्य खोडलं आणि तक्ता पाठवून दिला. काकांचं उत्तर आलं: "नाद खुळा! नंबर तीन घेतो. फेब्रुवारीत ये बघायला, तुझीच गोळी आहे."

म्हणून मी गाडीत होते.

दोन तासांत सपाट, सरळ रेषांचा हॉलंड मागे पडला. सीमेजवळचा हा भाग वेगळाच आहे. शेतं लहान, वेडीवाकडी, प्रत्येकाच्या बांधावर ओकची रांग. ओहोळ मनाला येईल तसे वळतात. मला बरं वाटलं, कारण या देशात वाकडं काहीतरी दिसलं की मला घरच्यासारखं वाटतं.

मार्लीसकाकूंच्या माहेरच्या शेतावरची जुनी गोठ्याची इमारत आता राहायला केली आहे. जेवायला काकांनी गेल्या वर्षीच्या हरणाचा तांबडा रस्सा केला होता. काकू तो उकडलेल्या बटाट्यांवर ओतून काट्याने कुस्करून खातात आणि घाम पुसत "लेकर" म्हणतात, म्हणजे छान. मी मटण कधीतरी खाते. हे खाताना मात्र मी दोनदा पाणी प्यायले.

"पुणेकरीण घाबरली," काका म्हणाले. "अगं भेकरच आहे ते, राधानगरीला असतं तसलं. कुत्र्याएवढं. उद्या बघशील."

"काका, किती लांबून मारता तुम्ही?"

"सत्तर-ऐंशी पावलं. कधी लांब. जसं येईल तसं."

'कधी लांब' म्हणजे किती, हे विचारायची वेळ तीच होती. मी ताट उचलून सिंककडे नेलं.

झोपण्यापूर्वी कपाटात काकांचं परीक्षेचं पुस्तक सापडलं. माझं डच कामापुरतं आहे, पण त्यात चित्रं होती: गोळी लागल्यावर हरीण काय करतं. छातीत लागलं तर उंच उडी मारतं आणि सुसाट पळतं. पोटात लागलं तर पाठ कमानीसारखी वर येते, मागचे पाय आत ओढले जातात, आणि ते डोकं खाली घालून जातं. खाली ठळक अक्षरांत: पोटात लागलेल्या हरणामागे लगेच जाऊ नये. सोडून दिलं तर ते जवळच आडोशाला बसतं. मागे लागलं तर मैलोन्‌मैल जातं.

शनिवार: मचाण

पहाटे साडेपाचला काकूंनी दारावर टकटक केली. ब्रेडवर लोणी आणि चॉकलेटचा चुरा, आणि कॉफी. काका न बोलता खात होते. नेहमी तोंडाची टकळी चालू असलेला माणूस गप्प झाला की खोली मोठी वाटते.

मचाण म्हणजे दोन ओकच्या मधोमध लाकडी शिडी आणि वर दोघांपुरतं फळकूट. समोर गवताचं शेत, त्यापलीकडे ओहोळ आणि वेतासारख्या उंच पाणगवताची दाट पट्टी. ओहोळापलीकडे थोडं पुढे जर्मनी. सीमेवर कुंपण नाही, फक्त ठरावीक अंतरावर जुने दगड. काकांनी कालच बजावलं होतं: रायफल घेऊन दगडापलीकडे एक पाऊलही टाकता येत नाही, हरीण डोळ्यांसमोर पडलेलं असलं तरी.

गवतावर हिव पडलं होतं, पांढरं, गोठलेलं. माझ्या पायांची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. काकांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कानाशी कुजबुजले, "हलायचं नाही. शिंक आली तर गिळ."

पावणेआठच्या सुमाराला त्या आल्या. वेतातून आधी एक, मग दुसरी. राखाडी, थंडीने फुगलेल्या केसांच्या, मागे पांढरा ठिपका. दुसरी थोडी लंगडत होती. काकांनी हलकेच बोट दाखवलं: ती. पाय दुखावलेलं जनावर आधी घ्यायचं, हा इथला नियम.

त्या जवळ आल्याच नाहीत. ओहोळाच्या काठाकाठानेच चरत राहिल्या. मी मनात अंतर मोजत होते. बांधावरचे ओक साधारण दहा-दहा पावलांवर लावलेले होते, आणि त्या चौदाव्या झाडाच्याही पलीकडे होत्या. पंधरा. सतरा. काकांनी रायफल आडव्या फळीवर टेकवली. माझ्या ओठांवर शब्द आला होता. लांब आहे, एवढाच. पण हलायचं नाही, बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं, आणि सांगितलेलं ऐकणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

आवाज अंगावरून गेला. रायफल उडाली, काका क्षणभर मागे कलले. झाडणाऱ्याला तो क्षण दिसत नाही, नंतर कळलं मला. मी दुर्बिणीतून बघत होते. लंगड्या हरिणीने उडी मारली नाही. तिची पाठ वर आली, कमानीसारखी. मागचे पाय आत गेले. डोकं खाली घालून, जड पावलांनी ती वेतात शिरली.

"काय झालं?" काका रायफल पुन्हा भरत म्हणाले. "दिसलं का? काय केलं तिनं?"

"पळाली," मी म्हणाले.

"उडी मारली का?"

"नीट... नाही कळलं."

मला नीट कळलं होतं.

वीस मिनिटं थांबून आम्ही उतरलो. काका मोठ्याने पावलं मोजत निघाले आणि मी त्यांच्या मागे मनात मोजत होते. एकशे सत्तर. त्या जागी त्यांनी वाकून गवत पाहिलं, गुडघ्यांवर बसले, हातमोजा काढून हिवावर बोटं फिरवली. रक्ताचा ठिपका नाही. वेताच्या तोंडापर्यंत गेले, तिथेही नाही. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

"चुकली. वरून गेली गोळी. बरंच झालं, अर्धवट लागण्यापेक्षा. चल, मार्लीसनं अंडी केली असतील."

ते गाडीकडे चालू लागले. मी मागे होते, दहा पावलं. मला आठवतंय की मी त्यांच्या बुटांचे हिवातले ठसे बघत होते आणि प्रत्येक ठशाला ठरवत होते, पुढच्याला बोलू. गाडी जवळ येत होती. मी बोलले नाही तर काहीच होणार नव्हतं. अंडी खाल्ली असती, गप्पा झाल्या असत्या. वेतात ती संध्याकाळपर्यंत, कदाचित उद्यापर्यंत, हळूहळू मेली असती आणि कुणालाही कळलं नसतं.

"काका."

"काय गं?"

"चुकली नाही. पाठ वर आली तिची. मी पाहिलं. पुस्तकातल्या चित्रासारखी."

ते थांबले. "मघाशी म्हणालीस कळलं नाही."

"कळलं होतं."

"रक्त कुठाय मग? शिशाची गोळी लागली की सडा पडतो. वीस वर्षं बघतोय मी. तू आजवर किती हरणं बघितलीस?"

"एक," मी म्हणाले. "तेच."

ते हसले नाहीत. मीही नाही.

"ही शिशाची नाही ना, काका. तांब्याची आहे, आणि जड. एवढ्या लांबून वेग कमी झाला असेल. उघडलीच नसेल तर सुईसारखी आरपार गेली असेल. इवलंसं भोक. वरून केस बसले की रक्त बाहेर कुठून येणार?"

त्यांनी रायफल खांद्यावरून उतरवली.

"आणि हे तुला आत्ता सुचलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी. तक्त्यात लिहिलं होतं. मग खोडलं."

"का?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून."

काका रायफल खांद्यावर घेऊन वळले आणि तरातरा परत ओहोळाकडे निघाले. मला त्यांच्या मागे अक्षरशः पळावं लागलं.

"काका, आत्ता नका जाऊ! उठवलं तर ती पलीकडे जाईल. दगडापलीकडे. मग आपल्याला काहीच करता येणार नाही."

ते वेतापासून पन्नास पावलांवर थांबले. पाठमोरे. मग तिथेच बांधावर, हिवातच खाली बसले आणि खिशातून फोन काढला.

"वीस वर्षांत कुत्रा बोलवावा लागला नाही मला," ते म्हणाले. मला नाही, बहुधा फोनला.

शनिवार: वाट बघणं

विल्मा वीस मिनिटांत आली. साठी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई; पूर्वी या भागात टपाल वाटायची. जखमी जनावरं शोधण्यासाठी शिकवलेला तिचा कुत्रा, ब्राम, लालसर तपकिरी, लांब कानांचा, गाडीतच बसून राहिला. तिने काकांशी हात मिळवला आणि सरळ माझ्याकडे आली.

"तू बघितलंस ना? त्याला विचारण्यात अर्थ नाही, झाडणारा काही बघत नाही. सांग." ती डचमध्ये, पण हळू बोलत होती. मी सांगितलं. डच अडलं तिथे मी पाठ कमानीसारखी करून, मान खाली घालून दाखवलं. एरवी मी असलं काही लोकांसमोर करून दाखवण्याऐवजी जमिनीत गडप झाले असते.

ती हरिणी उभी होती त्या जागी विल्मा चक्क पोटावर झोपली. बऱ्याच वेळाने गवताच्या मुळाशी तिला केस सापडले, गोळीने कापलेले, आखूड. शिवाय एका पात्यावर मोहरीएवढा ठिपका. तिने तो पांढऱ्या कागदी रुमालाला टेकवला आणि आम्हा दोघांपुढे धरला. लाल नव्हता. हिरवट तपकिरी.

"पोट," ती म्हणाली. "थांबायचं. साडेअकरापर्यंत."

तेव्हा नऊ वाजत होते.

मग तिने सीमेपलीकडच्या कुणालातरी जर्मनमध्ये फोन करून सांगून ठेवलं, न जाणो ती तिकडे गेली तर. इथले शिकारी जनावराच्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. विल्मा फोनवर सारखा तो शब्द वापरत होती, आणि मला वाटत होतं की ही कुणा आजारी माणसाबद्दल बोलते आहे.

त्या अडीच तासांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, तरी या सहलीतलं मला सगळ्यांत जास्त तेच आठवतं. ऊन आलं, हिव वितळलं, बांधावर पाणी ठिबकू लागलं. विल्माने थर्मासमधून कॉफी दिली आणि दालचिनीच्या वासाच्या तपकिरी केकचा जाड तुकडा, लोणी लावून. "खा. घाई त्या वेताला नाही, आपल्याला असते." वेताच्या पट्टीकडे आमच्यापैकी प्रत्येक जण दुसऱ्याला न दिसेल असं बघत होता. आत कुठेतरी ती होती. वाट बघणं हीच दया होती, आणि ती दया तिला एक-एक मिनिट भोगावी लागत होती.

काका गाडीला टेकून उभे होते. एकदा मी त्यांना कॉफी नेऊन दिली.

"Thank you," ते म्हणाले. "You should sit in the car. It's cold."

ओळख झाल्यापासून काका माझ्याशी कधी इंग्रजीत बोलले नव्हते. माझी शाळा इंग्रजी, मित्रमैत्रिणी इंग्रजी, ऑफिस इंग्रजी. आयुष्यभर ज्या भाषेत मला सुरक्षित वाटलं, त्याच भाषेत कुणी मला असं दूर लोटलेलं मी पहिल्यांदाच अनुभवत होते. मी गाडीत जाऊन बसले. मग पुन्हा बाहेर आले आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिले, थंडीत.

शनिवार: सीमेचा दगड

साडेअकराला विल्माने ब्रामला रुंद पट्टा घातला, त्याला लांब दोरी लावली आणि त्याचं नाक त्या पात्याशी नेलं. कुत्रा भुंकला नाही, धावला नाही. मान खाली घालून, हिशेबी माणसासारखा एकेक पाऊल टाकत निघाला. मागे विल्मा, मग काका, मग मी. वेतात पाय घोट्यापर्यंत चिखलात जात होते. एकदा माझा डावा बूट तिथेच राहिला. मी एका पायावर उभी राहून तो ओढून काढला, कारण कुणाला थांबा म्हणायची हिंमत नव्हती.

साठ-सत्तर पावलांवर ब्राम थांबला. वाळक्या पानावर एक ठिपका, नखाएवढा. विल्माने मान डोलावली. पुढे दाबलेलं गवत होतं, अजून ओलं. ती इथे बसली होती आणि उठली होती. का उठली? आम्ही मघाशी वेताकडे तरातरा गेलो होतो तेव्हा? मी काकांकडे पाहिलं. त्यांचंही लक्ष त्या गवतावरच होतं.

ओहोळाशी वास हरवला. कुत्रा काठाने खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. पाच मिनिटं, दहा. विल्मा नुसती दोरी सैल सोडत होती. पलीकडे तीसेक पावलांवर मला तो दगड दिसला, शेवाळलेला, गुडघ्याएवढा, एका बाजूला एका देशाचं अक्षर आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं. एरवी मी त्याच्याबरोबर फोटो काढला असता.

मग ब्राम पाण्यात शिरला. आम्हीही. थंडीने श्वास अडकला. पलीकडच्या काठावर त्याची शेपटी ताठ झाली, आणि विल्माने हात मागे करून आम्हाला थांबवलं.

ती काटेरी झुडपाच्या आत बसली होती. दगडाच्या आठ-नऊ पावलं अलीकडे. मान वर, कान आमच्याकडे. डोळे फार मोठे आणि काळे असतात त्यांचे. तिने उठायचा प्रयत्न केला, आणि मागचं अंग उठलं नाही. मी आतापर्यंत स्वतःशी 'हरीण', 'जनावर' असे शब्द वापरत होते. त्या क्षणी मला एकही शब्द आठवला नाही.

विल्माने कुत्र्याला मागे घेतलं, हरिणीच्या मागे गोळी अडवायला मातीचा उंच काठ आहे हे पाहिलं आणि काकांना मान हलवून खूण केली. काकांनी खिशात हात घातला. तळहातावर काडतुसं होती. तीन नंबरची, आणि दोन पहिल्या नंबरची, हलकी, माझ्या तक्त्यात शेवटी पडलेली. ते वळले.

"ईशा," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू. "कुठली घालू?"

पंधरा पावलं. मी अंतर पाहिलं. या वेळी ते बोलायला मला जराही वेळ लागला नाही.

"कुठलीही. इतक्या जवळून सगळ्याच उघडतात."

त्यांनी हातात आली ती घातली. मी डोळे मिटले नाहीत.

काकांनी टोपी काढली. विल्माने ओकची एक छोटी डहाळी मोडून हरिणीच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास म्हणतात त्याला. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात हे मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग तुला समजावून सांगायला नको."

काकांनी बाह्या वर करून हरिणी उघडली. हे लगेच करावंच लागतं, मांसासाठी. मी काठावर लांब उभी होते.

"ये," ते म्हणाले. "बघ. बघायलाच हवं तुला."

मी जवळ गेले, गुडघ्यांवर बसले. वाफ येत होती. छातीतली जखम आत्ताची; पलीकडच्या बाजूला मूठ जाईल एवढी. पोटातली सकाळची. आत शिरली तिथे पेन्सिलएवढं भोक, बाहेर पडली तिथेही पेन्सिलएवढंच. दोन्ही वेळा काकांनी तीन नंबरचीच घातली होती. एकदा एकशे सत्तर पावलांवरून, एकदा पंधरा. तक्ता करताना मी दोन दिवस गोळीला काय झालं ते मोजत होते. किती उघडली, किती वजन राहिलं, पाकळ्या किती सारख्या. मोजायचं होतं ते इथे, या बाजूला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळची ती गोळी मऊ पोटातून गेली होती आणि तिचं बहुधा काहीच बिघडलं नव्हतं. कुठेतरी चिखलात ती अजून नव्यासारखी पडलेली असेल.

"लांब मारली मी," काका म्हणाले. "आणि मागे लागली. तुझ्या गोळीनं नेम नाही चुकवला."

"नीट उघडली असती तर तिथल्या तिथे पडली असती."

"कदाचित."

"ती लांबवर उघडणार नाही हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही मारलीच नसती."

त्यांनी सुरी गवताला पुसली. "नसती मारली," ते म्हणाले.

विल्मा ओहोळाच्या काठावर बसून वहीत लिहीत होती. जाड, पाण्याने फुगलेली वही; प्रत्येक शोध तिच्यात एका ओळीत. तारीख, जागा, किती पावलं, कुत्रा कुठे अडला. तिने मान वर न करता विचारलं, "इथे एक रकाना आहे. कुत्रा कुणी बोलवायला लावला. जो फोन करतो तो नाही, ज्याच्यामुळे फोन केला जातो तो. पुढच्या वेळी कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा ते कळावं म्हणून."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं. नाहीतर मी अंडी खायला गेलो होतो."

विल्मा लिहू लागली. माझ्या छातीत काहीतरी उबदार हललं, आणि लगेच त्याची भीती वाटली. एवढ्यावर गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणी काही विचारत नव्हतं.

"शेवटचा रकाना काय आहे?" मी डचमध्ये विचारलं.

"कारण. शोधायची वेळ का आली ते. मी लिहिलंय, लांबून, मागे लागली."

"गोळीही लिहा," मी म्हणाले. वाक्य मोडकं होतं, पण पुरं केलं. "जड तांब्याची. एवढ्या लांबून उघडली नाही. निवड माझी. चाचणी फक्त पन्नास मीटरवर झाली होती. मला ते माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

विल्माने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका आपल्या ओल्या बुटांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

तिने पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं. जागा कमी पडली तशी समासात अक्षरं बारीक करत गेली. मग वही माझ्यासमोर धरली, बरोबर आहे का बघायला. कुत्रा बोलवायला लावणारी मी आणि गोळी निवडणारी मी, दोन्ही एकाच ओळीत होत्या, मध्ये एक स्वल्पविराम.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मग काकांनी पुढचे पाय धरले, मी मागचे, आणि आम्ही तिला ओहोळातून अलीकडे आणलं. वाटलं होतं त्यापेक्षा ती खूपच हलकी होती.